खोक्यावरचा वॅट आणि पुस्तकातला वॅट

आठवी-नववीतली मुले विज्ञान वाचत नाहीत, अशी तक्रार शिक्षकांच्या बैठकींतून नेहमी ऐकू येते. आम्हाला ती पूर्णपणे मान्य नाही. एक प्रकारचे लेखन हीच मुले मोठ्या आवडीने वाचतात, ऐकतात आणि एकमेकांना सांगतात. ते म्हणजे नवा टीव्ही, नवा साउंडबार, नवा हेडफोन यांच्या बातम्या. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्यांना ठरलेली जागा असते. आता तर खोके उघडून दाखवणाऱ्या चित्रफितीही घरोघर पाहिल्या जातात. वॅट, हर्ट्झ, डेसिबेल, पिक्सेल हे शब्द अनेक मुलांच्या कानांवर विज्ञानाच्या तासाला पडत नाहीत, त्याआधीच या बातम्यांतून पडतात. म्हणजे या लेखनाने आपणहून शिक्षकाची जागा घेतलेली आहे. तेव्हा करमणूक म्हणून त्याकडे दुर्लक्ष न करता, एखाद्या क्रमिक पुस्तकाचे परीक्षण करावे तसे त्याचे परीक्षण करणे भाग आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उपकरणांच्या बातम्यांनी विज्ञानाकडून शब्द घेतले, एकके घेतली. पण आकडा सांगायचा तर तो कोणत्या परिस्थितीत मोजला हेही सांगायचे, ही विज्ञानाची शिस्त मात्र घेतली नाही. शिस्तीविना आलेली एकके मुलांच्या मनात घर करून बसली, की वर्गात शिकवलेल्या त्याच एककांचा अर्थ पातळ होतो. नुकसान दुहेरी आहे: घरातल्या पैशांचे आणि मुलांच्या समजुतीचे.

पूर्वीचे हौशी वाचन

हौशी मंडळींसाठीचे तांत्रिक लेखन मुळातच उथळ असते, असे कोणी समजू नये. ‘वायरलेस वर्ल्ड’ हे इंग्लंडमधले मासिक रेडिओची हौस असणाऱ्यांसाठी आणि त्या व्यवसायातल्या लोकांसाठी निघत असे. पृथ्वीभोवती चोवीस तासांत एक फेरी घालणाऱ्या उपग्रहांकरवी जगभर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना मांडणारा आर्थर सी. क्लार्क यांचा लेख ऑक्टोबर १९४५ मध्ये याच मासिकात आला. घरच्या छतावरच्या डिश अँटेनाची वंशावळ अशी एका हौशी मासिकापर्यंत जाते. त्याच मासिकाने १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी आखलेला ॲम्प्लिफायर संपूर्ण मंडलासह छापला आणि तो वाचून अनेकांनी घरी बांधला. आपल्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ पासून निघते. त्यातली मंडले पाहून हाती सोल्डरिंग आयर्न धरलेले अनेक जण आज अभियंते किंवा शिक्षक म्हणून वाचकांना भेटतील.

या लेखनाचा वाचक स्वतः करून पाहणारा होता. त्यामुळे लेखकाला थाप मारण्याची सोय नव्हती. छापलेले मंडल चालले नाही, तर पुढच्या अंकात पत्र येणारच. आजचा वाचक उपकरण उघडू शकत नाही. ते उघडण्यासाठी बनवलेलेच नसते. तो बहुतेक वेळा फक्त विकत घेऊ शकतो. ही परिस्थिती लेखकांनी निर्माण केलेली नाही, आणि जुन्या काळाचे गोडवे गाण्याचाही आमचा हेतू नाही. तेव्हाचे वाचक मूठभर होते, आजचे कोट्यवधी आहेत. पण वाचकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही, तेव्हा लेखकाची जबाबदारी वाढते. ती वाढलेली जबाबदारी किती पाळली जाते, ते आता पाहू.

वॅटची गोष्ट

टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिम यांच्या काळात खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५०० वॅट पी. एम. पी. ओ.’ असे लिहिलेले असे. स्वस्त स्पीकरच्या जाहिरातींत हा प्रकार नंतरही चालू राहिला. ही अक्षरे संगीताच्या ‘शिखर शक्ती’ची. ती कशी मोजावी याची सर्वमान्य व्याख्याच नाही. त्याच यंत्राच्या पाठीमागच्या पट्टीवर मात्र ‘विजेचा वापर ४० वॅट’ असे बारीक अक्षरांत असू शकते. भिंतीतल्या प्लगमधून सेकंदाला ४० ज्यूल आत येतात, मग सेकंदाला १५०० ज्यूल बाहेर कसे पडतील? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नववीच्या पुस्तकात आहे. तो या खोक्यावर लावून पाहण्याची तसदी बातमीदाराने घेतली नाही, म्हणून ती शिक्षकाने घ्यावी.

कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, की आत कपॅसिटर असतो, त्यात ऊर्जा साठते, ती क्षणभर जोरात सोडता येईल. मुद्दा योग्य आहे. तोही गणिताने तपासू. १०,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर २४ व्होल्टपर्यंत भारित केला, तर त्यातली ऊर्जा ½CV² या सूत्राने सुमारे २.९ ज्यूल येते. १५०० वॅटच्या दराने ती सारीच्या सारी बाहेर काढली, तरी सुमारे दोन मिलिसेकंदांत संपेल. तबल्याची एक थापसुद्धा त्याहून जास्त वेळ घुमते. म्हणजे खोक्यावरचा आकडा ज्या क्षणापुरता खरा मानता येईल, त्या क्षणात संगीत मावत नाही.

यावर उपाय होता आणि आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ सालीच नियम केला, की घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती सांगताना ती किती ओहमच्या भारावर, कोणत्या वारंवारतांमध्ये आणि किती विरूपण होऊ देऊन मोजली, हे सांगितले पाहिजे. २०२४ मध्ये हा नियम सुधारण्यात आला आणि मोजणीच्या शर्ती सर्वांसाठी एकसारख्या ठरवण्यात आल्या. वॅटपुढे ओहम, वारंवारता आणि विरूपण नसेल तर तो वॅट अपुरा, एवढे एक वाक्य प्रत्येक बातमीत आले असते, तरी पुष्कळ काम झाले असते.

दुसरी गोष्ट कानाची. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटावा, तर शक्ती साधारण दहापट लागते. म्हणून ५०० वॅटच्या जागी १००० वॅट आले या बातमीत कानाच्या दृष्टीने फारशी बातमी नसते. कान लघुगणकाच्या हिशेबाने ऐकतो, हे सांगायला याहून चांगली संधी कोणती? पण बातमी ‘दुप्पट दमदार’ म्हणून मोकळी होते.

पिक्सेल किती आणि डोळा किती?

टीव्हीच्या बातम्यांत पिक्सेलना हाच मान आहे. ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. ‘फोर-के’मध्ये त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. ‘एट-के’मध्ये आणखी चौपट, सुमारे ३ कोटी ३२ लाख. आकडे खरे आहेत, मोजता येतात, यात लबाडी नाही. पण पाहणारा कुठे बसला आहे, हे बातमी सांगत नाही.

निरोगी डोळ्याची भेदनक्षमता साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, असे आपण शिकवतो. एक मिलिमीटरची वस्तू सुमारे ३.४ मीटर अंतरावर डोळ्याशी एक कलेचा कोन करते. आता ४३ इंची टीव्ही घ्या. त्याच्या पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटीमीटर. फुल एचडी असेल तर एका पिक्सेलची रुंदी अर्धा मिलिमीटर भरते. सुमारे १.७ मीटरपेक्षा दूर बसले, की हा पिक्सेल एक कलेहून लहान होतो. दोन खोल्यांच्या घरात पलंगापासून टीव्ही दहा फुटांवर, म्हणजे सुमारे तीन मीटरवर असेल, तर फुल एचडीचेच पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. मग त्याचे चार तुकडे करून काय साधणार?

एक कला ही काही दगडावरची रेघ नव्हे. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा या कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांनुसार काळ्या-पांढऱ्या नक्षीसाठी डोळा एका अंशात ६० नव्हे, तर सुमारे ९४ पिक्सेलपर्यंत भेद करू शकतो. पिवळ्या-जांभळ्या रंगछटांसाठी मात्र ही मर्यादा ५३ च्या आसपास येते. या नव्या आकड्याने आपला हिशेब पुन्हा केला, तर १.७ मीटरच्या जागी सुमारे २.७ मीटर येतात. म्हणजे अधिक उदार माप घेतले, तरी दहा फुटांवर बसलेल्या माणसाला ४३ इंची पडद्यावर हा फरक दिसू नये. तोच माणूस ५५ इंची पडद्यासमोर दोन मीटरवर बसला, तर तो दिसू शकेल. उत्तर टीव्हीत नाही. टीव्ही, खोली आणि डोळा या तिघांत मिळून आहे.

‘दुकानात तर फोर-के जास्त चांगला दिसतो,’ असे वाचक म्हणतील. दिसतो, हे खरे. पण दुकानात आपण हातभर अंतरावर उभे असतो, मुद्दाम निवडलेले चित्रीकरण चालू असते आणि पडद्याची प्रखरता पूर्ण वाढवलेली असते. शिवाय नव्या टीव्हीत रंगांचा आणि उजेड-अंधाराचा पल्लाही बरेचदा जास्त असतो. सुधारणा खरी असेल, पण तिचे श्रेय पिक्सेलला द्यायचे की प्रखरतेला, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. एका वेळी एकच चल बदलायचे, हा प्रयोगाचा पहिला धडा. बातमी नेमका तोच विसरते.

‘कॉन्ट्रास्ट दहा लाखास एक’ हा आकडाही असाच पाहावा. अनेकदा यातला पांढरा एका क्षणी मोजलेला असतो, मागचा दिवा पूर्ण पेटवून. आणि काळा दुसऱ्या क्षणी, दिवा जवळजवळ विझवून. एकाच चित्रात ते दोघे एकत्र येतीलच असे नाही. दिवसा खिडकीचा उजेड काचेवर पडला, की काळ्याचा काळेपणा तिथेच संपतो.

नावात हरवलेले विज्ञान

आकड्यांपेक्षा नावांनी अधिक घोटाळा केला आहे. ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जे आपल्या घरी आले, ते बहुतेक सगळे द्रवस्फटिकांचे, म्हणजे एलसीडीच पडदे. बदलला तो मागचा दिवा: बारीक ट्यूबच्या जागी प्रकाश देणारे डायोड आले. ‘ओएलईडी’ हा मात्र खरोखर वेगळा प्रकार. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो आणि स्वतः विझतो. ‘क्यूएलईडी’ या नावाने विकले जाणारे टीव्ही पुन्हा बहुतांशी एलसीडीच. मागच्या दिव्याचा निळा प्रकाश अतिसूक्ष्म कणांच्या थरातून जातो आणि त्याचा काही भाग शुद्ध हिरवा आणि लाल होऊन बाहेर पडतो. नावात एका अक्षराचा फरक, आत जमीन-अस्मानाचा.

आमची खरी हळहळ इथे आहे. या नावांमागे कथा आहेत आणि त्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा सुरस आहेत. लाल आणि हिरवे डायोड १९६० च्या दशकापासून होते, पण चांगला निळा डायोड बनत नव्हता. आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश नाही. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांवर वर्षानुवर्षे काम करून तो बनवला. त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. क्यूएलईडीतले ते अतिसूक्ष्म कण म्हणजे क्वांटम बिंदू. पदार्थ तोच ठेवून कणाचा आकार फक्त कमी-जास्त केला, की रंग बदलतो: लहान कण निळ्याकडे झुकतो, मोठा लालकडे. त्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मौंजी बावेंडी, लुईस ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. पुंजभौतिकी दिवाणखान्यात येऊन बसली आहे, आणि बातमी म्हणते, ‘रंग अधिक जिवंत!’

कान झाकून नव्हे, डोळे झाकून

ध्वनीच्या बाबतीत ‘हाय-रेझोल्यूशन’ हा शब्द असाच फिरतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे नमुने सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असतात. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचा ध्वनी परत मिळवता येतो, म्हणजे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंत. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती उतरते. मग १,९२,००० नमुन्यांचा आकडा कोणाच्या कानासाठी?

या प्रश्नाचे उत्तर वादाने नव्हे, प्रयोगाने मिळते. २००७ मध्ये मायर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक परीक्षा प्रसिद्ध केली. उच्च दर्जाची ध्वनिमुद्रिका थेट ऐकवली आणि तीच सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवली. कोणती कोणती हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण हेच मिळाले असते. पुढे २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी अशा अनेक परीक्षांचे निकाल एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडे वर आले, आणि सराव केलेल्या कानांचे त्याहून बरे. फरक अगदी शून्य नसेल. पण ‘पडदा बाजूला झाल्यासारखे वाटले’ अशा वर्णनाला शोभेल इतका तो नक्कीच नाही. असे वर्णन करणारा परीक्षक खोटे बोलतो असे नव्हे. त्याने डोळे उघडे ठेवून, किंमत माहीत असताना ऐकले, एवढेच.

जन्माची वार्ता, मृत्यूची नाही

या लेखनाचा आणखी एक दोष असा, की ते मागे वळून पाहत नाही. २०१० साली त्रिमितीय टीव्ही म्हणजे घराघराचे भविष्य असे लिहिले गेले. चष्मा लावून घरातल्यांनी रोज टीव्ही पाहावा हे जमले नाही, आणि २०१७ च्या सुरुवातीला एलजी आणि सोनी या उरलेल्या मोठ्या उत्पादकांनीही तो सोडला. त्याआधी एचडी-डीव्हीडी या तबकडीचे तेच झाले. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. आगमनाच्या बातम्या रकाने भरून आल्या. निरोप दोन ओळींत उरकले. ज्यांनी ती उपकरणे घेतली, त्यांच्या पैशांचे काय झाले, आपले भाकीत का चुकले, याचा हिशेब क्वचितच मांडला गेला. विज्ञानात चुकलेले भाकीत ही मौल्यवान गोष्ट असते. त्यावरूनच पुढचे शिकायचे असते.

उपकरणाची किंमतही बिलावर संपत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने २२ लाख डॉलर भरून एक प्रकरण मिटवले. आरोप असा होता, की तिचे सुमारे १ कोटी १० लाख टीव्ही, मालकांची नीट संमती न घेता, पडद्यावर काय पाहिले जाते याची माहिती गोळा करत होते. घरातला टीव्ही कोण पाहतो, हे आपल्याला ठाऊक होते. टीव्हीही आपल्याला पाहतो, हे बातमीने आधी सांगायला हवे होते. तसेच, नवा सपाट टीव्ही आला की जुना जाड टीव्ही जातो कुठे? त्याच्या चित्रनळीच्या काचेत शिसे असते. भंगारवाल्याच्या हातोडीखाली तो जाऊ नये, म्हणून नियम आहेत. ती बातमी मात्र वेगळ्या पानावर असते.

हे सर्व म्हटल्यावर न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. पडद्यासमोर प्रकाशमापक ठेवून प्रखरता मोजणारे, ती कोणत्या स्थितीत मोजली ते लिहिणारे, झाकून ऐकण्याच्या परीक्षा घेणारे काही परीक्षक आहेत. त्यांचे लेखन आम्ही आदराने वाचतो. नव्या वस्तूचा आनंद हाही काही गुन्हा नाही. रेडिओ पहिल्यांदा गाऊ लागला, तेव्हाचा आनंद याच जातीचा होता. आमचा आक्षेप आनंदाला नाही. आनंदाच्या नावाखाली मोजमाप पातळ करण्याला आहे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक बातमी किंवा जाहिरात फळ्यावर लावावी आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारावेत: हे कोणी मोजले? कोणत्या परिस्थितीत मोजले? तो फरक माझ्या डोळ्याला किंवा कानाला कळेल का? आणि या आकड्यासाठी काय द्यावे लागेल, आज आणि नंतर?

मग प्रयोग करावा. कागदावर एक-एक मिलिमीटर रुंदीच्या काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या आखाव्यात. पट्ट्या एकमेकींत मिसळून करड्या दिसू लागेपर्यंत विद्यार्थ्यांनी मागे जावे आणि अंतर मोजावे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, चष्मेवाल्यांचे चष्म्यासह आणि चष्म्याविना वेगळे येईल. सर्वांची सरासरी काढून, ‘आमच्या वर्गाला आमच्या घरच्या टीव्हीवर किती पिक्सेल पुरतील?’ हा हिशेब करावा. दुसऱ्या दिवशी घरातल्या उपकरणांच्या पाठीमागची पट्टी वाचून वॅट लिहून आणावेत, आणि ते खोक्यावरच्या वॅटशेजारी मांडावेत.

हे काम आठवीतल्या विद्यार्थ्याला झेपते. ते केलेला विद्यार्थी पुढे टीव्ही घेणारच नाही असे नाही. घेईलही आणि मजेत पाहील. पण दुकानात गेल्यावर किंमत विचारण्याआधी तो खिशातून मोजपट्टी काढील, आणि विक्रेत्याला विचारील, ‘हा आकडा कुठे उभे राहून मोजला?’